पितळेचा व्हॉल्व्ह

पाईपला भोक दिसलं की मिस्त्रीचा हात आपसूक पाईप चिकटवायच्या सॉल्व्हंटच्या डबीकडे जायचा. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या घरची गळती बंद केली होती. भोक कोणी मुद्दाम पाडून ठेवलं असेल, असा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

हे भोक होतं बायकोच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीत. वर चार फुटी काचेची टाकी, खाली कपाटात दुसरी छोटी टाकी आणि पंप. वरचं पाणी खाली उतरायचं, गाळलं जायचं आणि पंप ते परतीच्या पाईपने पुन्हा वर चढवायचा. सगळी जोडणी बायकोने एकटीने केलेली. शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेली बाई. मोजमापात ती कोणाच्या बापाला ऐकत नसे.

"गावाचे नळ मी जोडायचे आणि माझ्याच घरात तू?" मिस्त्री तेव्हा म्हणाला होता.

"घरचा नळ गळायला लागला की तुम्ही चार महिने लावता, मिस्त्री. मासे तेवढे थांबत नाहीत."

नवऱ्याला ती लग्नापासून मिस्त्रीच म्हणायची.

गेल्या वर्षी तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. शब्द हळूहळू परतले, आकड्यांचा मात्र भरवसा राहिला नाही. एकदा डॉक्टरांनी वार विचारला, तर तिने साल सांगितलं. मुलगी मागे लागली होती, आई, माझ्याकडे राहायला चल. बायको टाकीसमोरच्या खुर्चीतून हलायला तयार नव्हती. "टाकी चालवता येते तोवर डोकं ठिकाणावर आहे," ती म्हणायची. "ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी ने."

बाकीची कामं ती सांगायची आणि मिस्त्री करायचा. एक काम तेवढं तिने स्वतःकडे ठेवलं होतं. रविवारी सकाळी डाव्या हाताने ड्रॉपर धरून ती पाण्यात आयोडिनचे पाच थेंब टाकायची. कोळंबीला कात टाकायला ते लागतात; जास्त झाले तर तेच विष.

भोक मिस्त्रीला दिसलं ते काच पुसताना. परतीच्या पाईपला, पाण्याच्या पातळीखाली बोटभर, काडी जाईल एवढं. त्यातून बारीक धार सुटत होती. बायको आत झोपली होती. त्याने पंप थांबवला, भोक बुजवलं, सुकू दिलं. एवढ्याशा कामाचं कोणाला काय सांगायचं?

चौथ्या दिवशी वीज गेली. पंप थांबला आणि परतीच्या पाईपमधून वरचं पाणी उलटं खाली ओढलं जाऊ लागलं. खालची टाकी भरून वाहिली. मिस्त्रीने पाईप उपसून बाहेर काढेपर्यंत निम्मी खोली खाऱ्या पाण्यात होती.

"भोक," बायको खुर्चीतून म्हणाली. "पाईपचं भोक तुंबलं असेल. पातळी खाली गेली की त्यातून हवा शिरते, ओढ तुटते. सुईने साफ करा."

मिस्त्रीला तेव्हा उमजलं. भोक पुन्हा पाडणं हे दोन मिनिटांचं काम होतं. पण पाडायचं म्हणजे बुजवलं होतं हे सांगायचं. "बघतो," तो म्हणाला, आणि पिशवीतून पितळेचा व्हॉल्व्ह काढला. पाणी वर जाऊ देतो, उलटं येऊ देत नाही असा. अशा कामासाठी दुकानात प्लास्टिकचाही मिळतो, हे त्याला ठाऊक होतं. प्लास्टिकचा व्हॉल्व्ह दोन वर्षांत अडकतो, पितळेचा माणसाच्या आधी जात नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता. त्याने तो खाली कपाटात, पंपाच्या डोक्यावर बसवला. बायकोला तिथवर वाकता येत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात शंखगोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या. मग लाल पट्ट्यांची कोळंबी अर्धवट कात टाकलेली, दगडावर उताणी सापडली. मासे मात्र ठणठणीत होते.

"मी पाचच टाकले ना?" बायकोने विचारलं.

"मी कुठे बघत होतो?"

ते खरंच होतं. तिने ड्रॉपर उचलून उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिली. पुढच्या रविवारी तिने थेंब टाकले नाहीत. तरी आणखी दोन गोगलगायी मेल्या.

मंगळवारी मिस्त्री बाटलीत टाकीतलं पाणी घेऊन शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानात गेला. मासेवाल्याने नळीत औषध टाकून हलवलं आणि चढलेला रंग तक्त्याशी लावून पाहिला.

"काका, तांबं आहे यात. मासे तग धरतात, पण बिनकण्याचं काही वाचत नाही. कुठे धातू लावलाय का?"

"तांब्याचं काही नाही."

"पितळेचं? पितळेत तांबंच असतं की. तुम्हाला मी काय सांगावं?"

मिस्त्रीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"काढलं तरी लगेच सुटका नाही," मासेवाला म्हणाला. "दगडांनी तांबं पिऊन ठेवलंय. आता महिनोन्‌महिने ओकत राहतील."

बायको व्यायामाला गेली होती, तेवढ्यात त्याने व्हॉल्व्ह उतरवला. आतून तो हिरवा पडला होता. त्याच्या जागी प्लास्टिकचा बसवला, भोकही नव्याने पाडलं आणि पितळेचा व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला.

बुधवारी शेवटची गोगलगाय मेली. बायको रडली. झटका आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. मग तिने मुलीला फोन लावायला सांगितला. "ये," ती म्हणाली. "घेऊन जा मला. मला पाचपर्यंत मोजता येत नाही."

फोन तिच्या कानाशी मिस्त्रीनेच धरला होता. त्याने मिठाची गुळणी धरली.

रविवारी मुलगी आली. बॅगा भरून दाराशी लावल्या आणि आईच्या पायात बूट घालायला खाली बसली. मिस्त्री आत गेला, बाहेर आला आणि व्हॉल्व्ह बायकोच्या मांडीवर ठेवला.

"हा मी लावला होता. पाणी सांडलं त्या दिवशी. त्याने मेलं सगळं."

तिने तो डाव्या हातात फिरवला. हिरवा थर अंगठ्याने खरवडला.

"आणि भोक?"

"त्याआधी मीच बुजवलं होतं."

तिने व्हॉल्व्ह मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं एकेक करून खुर्चीच्या दांड्यावर टेकली.

"म्हणजे थेंब पाचच होते."

"असणार. थेंबांचा काही संबंधच नव्हता."

मुलगी हातात दुसरा बूट धरून दोघांकडे बघत राहिली. "बाबा, तू पण ना," ती म्हणाली.

"तुम्हाला कळलं कधी?" बायकोने विचारलं.

आजच, असं म्हणता आलं असतं. मासेवाला काही इथे यायचा नव्हता.

"मंगळवारी."

"बुधवारी मी रडले."

"हो."

"फोन तुम्ही धरला होता."

खाली कपाटात पंप घुमत होता.

"आई," मुलीने हलकेच विचारलं, "बॅगा आत नेऊ परत? तुझं डोकं तर ठिकाणावर आहे."

"आहे," बायको म्हणाली. तिने व्हॉल्व्ह नवऱ्याकडे परत दिला. शब्द एकेक करून, न अडखळता आले. "मिस्त्री, मासे दुकानात देऊन या. दगड कोणालाही देऊ नका, फुकटसुद्धा नाही. देताना कारण सांगायचं राहील तुमच्याकडून."

मग ती मुलीकडे वळली आणि पाय पुढे केला.

"घाल तो दुसरा."