घंटांमध्ये गवत

जुन्या गाण्यातली ती लढाई नेमकी कुठे झाली, हे शोधण्यात मोजणीदाराची अकरा वर्षं गेली होती. नदीकाठची सगळी मैदानं त्याने पालथी घातली, पण हाती बाणाचं एक टोकही लागलं नाही. बायको म्हणायची, "झाली असेल, गाणं रचणाऱ्याच्या डोक्यात."

आज तो वैतागून मेंढ्या राखणाऱ्या म्हातारीबरोबर डोंगर उतरत होता. ओढा ओलांडण्याआधी ती थांबली आणि एकेका मेंढीच्या घंटेत गवत कोंबू लागली.

"हे कशाला, मावशी?"

"त्या काळ्या खडकापर्यंत घंटा वाजू द्यायची नाही. माणसं झोपलीत, असं आजी सांगायची."

"कोणती माणसं?"

"ते तिला तरी कुठे ठाऊक होतं."

मोजणीदार जागीच थबकला. गाण्यात ओढा होता, काळा खडकही होता. मैदान मात्र कुठेच नव्हतं, ते त्याने आपल्या मनानेच धरलं होतं. समोर नुसता उतार होता, आणि त्यावर वाऱ्याने लवणारं गवत.

मोजपट्टीसाठी त्याने पिशवीत हात घातला, तशा आतल्या लोखंडी खुंट्या खणखणल्या. म्हातारीने फक्त वळून पाहिलं.

त्याने वाकून मूठभर गवत उपटलं आणि पिशवीत कोंबलं.