आमची उड्डाणं परक्यांना दिली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. छोटंसं, दोन पंख्यांचं. आकाशात लांबलचक पांढऱ्या रेघा ओढत जातात ती मोठी धुडं वेगळी. मी आपला ढगांच्या आसपास, धडधडत जाणारा. माझ्या पोटात बसलेल्यांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं, आणि तरी उतरताना ते म्हणायचे, "बिचारं पोहोचवतं हो!" हे 'बिचारं' मला कधी आवडलं नाही. पण कौतुक ते कौतुक.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे कित्येक हातांनी मला पत्रा पत्रा जोडून उभं केलं. मग एका कंपनीनं मला विकत घेतलं आणि माझ्या शेपटीवर आपला निळा पट्टा रंगवला. लहान गावांची उड्डाणं माझ्याकडे आली. परीक्षेला निघालेली पोरं, दवाखान्यात चाललेले आजोबा, माहेरी निघालेल्या बायका, सगळ्यांना मी नेलं-आणलं. दिवसातून कितीदा चढायचो आणि कितीदा उतरायचो! दमायचो, पण सुखात होतो.

आता मला ज्यांनी चालवलं त्यांच्याबद्दल सांगतो. माझ्या नाकात दोन खुर्च्या आहेत. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे त्याचा जोडीदार. डावीकडे काका बसायचे. निवृत्तीला आलेले, शांत, सगळ्यांना शिकवणारे. उजवीकडे ताई. हात इतका हलका की तिनं मला उतरवलं तर मागचा झोपलेला माणूस झोपलेलाच राहायचा. काका तोंडावर कौतुक करत नसत. नुसतं म्हणायचे, "बरं होतं." तेवढ्यावर ताई दिवसभर खूश!

तिला डावीकडे यायचं होतं. पण या लोकांची एक रांग असते, मित्रांनो. जो नोकरीला आधी लागला तो पुढे. कितीही हुशार असा, मध्ये घुसायचं नाही. ही रांग सांभाळणं हेच त्यांच्या युनियनचं मोठं काम. ताईनं वर्षानुवर्षं वाट बघितली आणि एकदाचा तिचा नंबर लागला. परीक्षा झाल्या. आता काकांना उजवीकडे बसवून, डावीकडून प्रवाशांना घेऊन थोडी उड्डाणं केली, की झाली कॅप्टन. तिच्या आईनं तर आख्ख्या बिल्डिंगला सांगूनही टाकलं. "अगं आई, अजून व्हायचंय!" ताई फोनवर कपाळाला हात लावून म्हणाली, पण हसू काही लपेना.

आणि नेमकी तेव्हाच माशी शिंकली.

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं, की लहान गावांची उड्डाणं बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायची. विमान त्यांचं, वैमानिक त्यांचे. फक्त शेपटीवर पट्टा आमचा! तिकीट काढणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. साहेब म्हणाले, "हे सगळं तात्पुरतं आहे."

वैमानिक खवळले. बाहेर दिलेलं प्रत्येक उड्डाण म्हणजे रांगेतल्या कुणाची तरी हातची गेलेली खुर्ची. युनियनची बैठक हँगरमध्ये माझ्या पंखाखालीच भरली, म्हणून मला सगळं ऐकू आलं. युनियनच्या सेक्रेटरींना सगळे 'मुद्दा' म्हणत, कारण "मुद्दा असा आहे" म्हटल्याशिवाय त्यांचं तोंडच उघडत नसे.

"मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "की आपण सुट्टीच्या दिवशी धावत येतो म्हणून यांचं चालतंय. कुणी आजारी पडलं, बोलवा यांना. पाहुणे आलेत, तरी बोलवा यांना. आता नाही यायचं. कळू दे आपली किंमत!"

सगळ्यात आधी ताईनं हात वर केला.

काका मागे टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "अरे, पण त्यांना हेच हवं असलं तर?"

"काका, तुम्ही काय, आता घरी बसणार," कुणीतरी म्हणालं. "तुमचं काय जातंय?"

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे, ऐका त्यांचं! पण मला कुठला आवाज? इंजिन लावल्याशिवाय मी मुकाच.

मग सुट्टीवरचे वैमानिक खरंच आले नाहीत. उड्डाणं रद्द झाली. प्रवासी काउंटरवर भांडले. आणि मोठ्या साहेबांनी पेपरवाल्यांना बोलावून दुःखी चेहऱ्यानं सांगितलं, "आमच्याकडे वैमानिकच कमी पडतात हो. प्रवाशांसाठी बाहेरून विमानं आणावीच लागतील." युनियननं उगारलेली काठी साहेबांनी अलगद काढून घेतली आणि यांच्याच पाठीत घातली. मुद्दासाहेबांना पहिल्यांदाच मुद्दा सुचला नाही.

नवी विमानं आली. आमच्या पट्ट्याची, आमच्या वेळेवर, आमच्याच गावांना जाणारी. त्यांच्या वैमानिकांवर तरी कसा रागवू? एक जण माझ्याजवळ येऊन ताईला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे निदान रांग तरी आहे. आमचा करार संपला की आम्ही घरी." ताईनं त्याला आपल्या डब्यातलं खायला दिलं. दुसरं काय करणार होती?

मला एका कडेला उभं केलं. इंजिनांना टोप्या घातल्या. मिस्त्री अधूनमधून येऊन मला थोडं पुढे ढकलायचा, नाहीतर एकाच जागी उभं राहून टायर बसतात. "अजून थोडी कळ काढ रे राजा," म्हणायचा. बोलणी चालूच होती. युनियन पत्रकं वाटत होती, साहेब चहा पाजून परत पाठवत होते. ताईची डावीकडची उड्डाणं तशीच राहिली. आईला काय सांगायचं म्हणून ती फोन उचलेनाशी झाली.

शेवटी मला मोडीत विकलं. लांबच्या एका धावपट्टीशेजारी विमानं सुटी करून त्यांचे भाग विकतात, तिथे मला पोचवायचं होतं. काम काकांना मिळालं. त्यांनी ताईला बोलावलं आणि खुर्च्यांपाशी आल्यावर ते उजवीकडे बसले.

"काका?"

"बस तिकडे. मी शिकवणाराच आहे की, मला चालतं."

ती डावीकडे बसली. पोटात एकही माणूस नव्हता. मी इतका हलका झालो होतो की जमीन सोडताना मलाच रडू आलं. वाटेत वारा आडवा आला, तिनं मला सांभाळलं. एकदाही चुकली नाही. आणि उतरवलं असं, की चाकं कधी टेकली ते मला, चाकांच्या मालकालाही, कळलं नाही.

काकांनी ताईकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "उत्तम. फार उत्तम."

ताईनं विचारलं, "हे माझ्या उड्डाणांत धरतील ना?"

"प्रवासी नव्हते ना, पोरी," काका म्हणाले. "हे कशातच धरत नाहीत."

तिनं मान हलवली. माझं एकेक बटण नीट बंद केलं, एकही विसरली नाही. मग खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून ती ढसाढसा रडली, आणि काका तिच्या शेजारी नुसते बसून राहिले. मी काही करू शकलो नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या मोठं साहेब होईल. तेव्हा 'तात्पुरतं' म्हणण्याआधी रांगेत कोण उभं आहे ते एकदा जाऊन बघा. आणि कुणी युनियनमध्ये असाल, तर मागे टेकून उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं पूर्ण ऐकून घ्या. मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझे पंखे कालच उतरवले, माझं काय राहिलंय? ताई अजून उजवीकडेच आहे. तिला तेवढं उडू द्या.