फूल उघडलंय का?

मल्हारीनं उभा जन्म मेंढरं राखली. मेंढराचे कान बघून, लेंड्या बघून दुखणं ओळखणारा माणूस. साठी उलटल्यावर त्याला मासे राखायला लागतील असं कुणी म्हणालं असतं, तर त्यानं त्याला वेड्यात काढलं असतं.

मासे त्याच्या पोराचे, सुरजचे. सुरज रांजणगावला कंपनीत मेंटेनन्सला होता. बायको मोनिका आणि तो, कारेगावात दोन खोल्या. पोराला हौस दांडगी! तीन फुटी काचेची टाकी आणली, पुड्यातलं समुद्राचं मीठ कालवून खारं पाणी केलं, दगड रचले, आणि त्यात दोन नारिंगी मासे, एक लाल कोळंबी आणि एक समुद्रफूल सोडलं. फूल आपलं म्हणायचं, खरं तर तोही जीवच. दिवसभर बोटं हलवत बसायचा.

गेल्या उसाच्या गाळप हंगामात सुरज गावाकडं निघाला होता. पाटसच्या अलीकडं उसाची ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती, दिवा नाही की काही नाही. गाडी आदळली आणि मान मोडली. तेव्हापासून मानेखाली काही हलत नाही. आता मोनिका कंपनीत जाते, आणि म्हातारा मेंढरं मेव्हण्याच्या गळ्यात घालून कारेगावला येऊन राहिलाय. येताना घरातला तांब्याचा हंडा तेवढा घेऊन आला. फिल्टर मशीनचं पाणी त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

पोराचं सगळं म्हाताराच करायचा. भरवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. कूस चुकली की पाठीला जखम होते, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. सुरुवातीला दोघं तोंडातून शब्द काढत नव्हते. बोलायला लागले ते या टाकीमुळं.

"आप्पा, पानी रेघेच्या खाली गेलंय. मशीनचं साधं पानी घाला."

"आरं, खारं पानी कमी झालं तर खारंच घालाय पायजे की!"

"मीठ उडत न्हाई आप्पा, पानीच उडतं. मीठ हाय तिथंच ऱ्हातं."

मल्हारीनं डोकं खाजवलं. "म्हंजी आमटी आटली की खारट होती, तसं?"

"व्हय! तसंच." पोरगं हसलं. अपघातानंतर पहिल्यांदा हसलं, आणि म्हातारा त्या हसण्यापायी सगळं शिकला. खारटपणा मोजायच्या नळीत डोळा घालून रेघ पस्तिसावर आहे का बघायचं. बाटलीतले थेंब नमुन्यात टाकून रंग बघायचा, पिवळा राहिला तर ठीक, हिरवा झाला तर पाणी नासलं. सुरज रोज सकाळी मान वळवून विचारायचा, "फूल उघडलंय का?" आणि मल्हारी म्हणायचा, "उघडलंय बाबा, तुझ्याकडंच बघतंय."

एप्रिलात कुठंतरी कूस चुकलीच. पाठीची जखम चिघळली, ताप चढला, आणि सुरजला पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मोनिका रजा टाकून सोबत गेली. टाकी सांभाळायला म्हातारा मागं राहिला.

"आप्पा, रोज रेघेपर्यंत मशीनचं पानी, चिमूटभर खाणं," स्ट्रेचरवरून सुरज म्हणाला. "दुसरं काय बी घालू नका."

"न्हाई घालत. तू बिनघोर जा."

आणि खरंच त्यानं दुसरं काही घातलं नाही हो. फक्त तिसऱ्या दिवशी, मशीनचं पाणी भरून ठेवलेल्या गॅलरीतल्या प्लास्टिकच्या कॅनला उन्हानं वास यायला लागला. पोराच्या माशांना हे असलं पाणी? म्हाताऱ्याला ते पटेना. त्यानं आपला हंडा घेतला, चिंच आणि मीठ लावून लखलखीत घासला आणि मशीनचं पाणी त्यात भरून ठेवलं. तांब्यातलं पाणी शुद्ध, हे त्याला त्याच्या आज्यापासून ठाऊक. सकाळी तेच पाणी त्यानं टाकीत ओतलं, आणि मग रोजच ओतत गेला.

दोन दिवसांनी कोळंबी उताणी पडली. मल्हारीनं घाईघाईनं थेंब टाकले तर रंग पिवळा, नळीत बघितलं तर पस्तीस! कोळंबी कात टाकते असं सुरज एकदा म्हणाला होता. तसंच असेल, म्हणून त्यानं जीव शांत केला. मग फूल मिटलं. ऊन फार झालं, त्याला चांगलं पाणी पाहिजे, असं समजून त्यानं आणखी दोन तांबे हंड्यातलंच घातलं. काय म्हणावं या मायेला!

त्याच दिवशी फोन आला. आधी मोनिका बोलली. "मामा, ताप उतरला न्हाई. त्यांच्या जीवाला लागंल असं काय बोलू नका." मग सुरजचा बारीक आवाज आला.

"आप्पा, फूल उघडलंय का?"

मल्हारीनं टाकीकडं बघितलं. फूल दगडावरून सुटून चिंधीसारखं तळाला पडलं होतं.

"व्हय," तो म्हणाला. "उघडलंय."

पुढं चार दिवस तो रोज हेच सांगत राहिला. फूल कुजलं, पाणी ताकासारखं पांढरं झालं, थेंब टाकले तर गर्द हिरवं. मासे वर येऊन तोंड वासायला लागले. तेव्हाही सुरजला फोन लावावा असं त्याच्या मनात आलं, पण रोज उघडलंय सांगितलेलं आता मिटलंय म्हणून कसं सांगायचं? शनिवारी दोन्ही मासे तरंगले.

सुरज आला तो सोमवारी. दवाखान्याच्या गाडीतल्या माणसांनी त्याला खाटेवर निजवलं आणि गाडी परत गेली. त्यानं मान वळवून टाकीकडं बघितलं. मग त्याची नजर खिडकीतल्या हंड्यावर गेली.

"आप्पा, पानी त्या हंड्यातनं घातलं?"

"तांब्यात शुद्ध व्हतं म्हून..."

"मानसाला शुद्ध. कोळंबीला, फुलाला तांबं म्हंजी इख." आवाज चढला नाही. "मला ठाव व्हतं, मीच सांगाय इसरलो. ती चूक माझी."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. "चुकलं रं लेकरा."

"पन फूल मिटलंय म्हनला असता तर मी इचारलं असतं. पानी बदला म्हनलो असतो, मासे वाचलं असतं." सुरजनं डोळे मिटले. "मी तिथं रोज तुमच्यावर इसंबून पडलो व्हतो आप्पा."

दुसऱ्या दिवशी मोनिका कामावर गेल्यावर त्यानं पोराला पाणी आणून दिलं. सुरजनं ओठ लावले नाहीत. आधी विचारलं, "कशातलं हाय?" मल्हारीनं स्टीलचा पेला त्याच्या डोळ्यांसमोर धरला, तेव्हा कुठं तो दोन घोट प्यायला.

अकराला कूस बदलायची वेळ झाली. मल्हारीनं हात पुसले आणि पोराच्या पाठीखाली सरकवले.

"ऱ्हाऊ द्या," सुरज म्हणाला. "मोनिकाला येऊ द्या. जखम कशी हाय, ती खरं सांगंल."

"आरं, दोन तास झालं. परत चिघळंल."

सुरजनं मान भिंतीकडं वळवली. मल्हारीनं हात काढून घेतले आणि खाटेजवळ भुईवर बसला. मोनिकाची कंपनीची बस साडेचारला येते.