शिवणीतली खोली

लग्नाला पाच वर्षं झाली तरी देवानंद आणि वर्षाली एका घरात राहिले नव्हते. तो अकोल्याला डाळमिलमध्ये कामाला, ती अमरावतीला आईकडे. मिलच्या मागे कामगारांसाठी पत्र्याची खोली होती. तिथे सात-आठ जण झोपायचे, भाडं लागत नव्हतं. वर्षाली कापडाच्या दुकानात साड्या दाखवायची. तेवढा वेळ त्यांच्या लहान मुलीला, पौर्णिमाला, तिची आजी माणिकबाई बाजारात भाजी विकताना आपल्याजवळ पोत्यावर बसवून ठेवायची. नवराबायको दोघंही कमवत होते. पण अकोल्याला बिऱ्हाड करायला ते पुरत नव्हतं. रविवारी देवानंद पॅसेंजरने बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोने अमरावतीला यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा.

मग मिलमध्ये त्याला मशीनवर घेतलं, पगार थोडा वाढला. त्या रविवारी तो म्हणाला, "आता आपण सोबत राहू. किती दिवस असं पाहुण्यासारखं येऊ मी?"

माणिकबाई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "जवाई, तुमी दोघं कामाले गेले तं पोट्टीले कोन पाहीन तिथं?"

"होईन सगळं बराबर," देवानंद म्हणाला.

अकोल्याला शिवणी भागात खोली मिळाली. घरमालक खुशालराव एसटीतून रिटायर झालेले, माणूस सरळ. पहिला महिना वर्षालीला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिला. देवानंदने स्वतः भिंतींना चुना मारला. मिलमधून आला की डोक्यावरची डाळीची भुकटी नळावर धुवायचा आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात घ्यायचा. पौर्णिमा त्याच्या सायकलचा आवाज ओळखायला लागली.

वर्षालीला काम मात्र मिळेना. एका साडीच्या दुकानात बोलावलं, शेठने लेकराकडे पाहिलं आणि म्हणाला, "हिला घरी ठेवून येत जा." अंगणवाडी दुपारीच सुटायची आणि दुकान रात्री बंद व्हायचं. शेजारची बाई सांभाळायला तयार होती, पण तिला द्यायचं म्हटलं तर वर्षालीच्या पगारात काही उरत नव्हतं. ती घरी बसली. एका पगारात भाडं, गॅस, दूध, लाइटबिल. उधारी वाढत गेली तसा किराणावाला बोलायचा कमी झाला. पुढे वर्षाली दुसऱ्या गल्लीने जायला लागली.

देवानंदने केटरर्सकडे काम धरलं. मिल सुटली की थेट लग्नाच्या लॉनवर. घरी यायचा तेव्हा लेक झोपलेली, सकाळी निघायचा तेव्हाही झोपलेली. रविवारी तर दोन-दोन लग्नं.

खुशालरावांच्या पुतणीचं लग्न निघालं. त्यांनी भाडेकरूंनाही पत्रिका दिली. वर्षाली पौर्णिमाला नवा फ्रॉक घालून गेली. जेवणाच्या टेबलामागे लाल कोट घालून देवानंद उभा होता, जिलेबी वाढत. त्या दिवशी तो कोणत्या लग्नात आहे ते तिला माहीत नव्हतं.

"बाबा," पौर्णिमा ओरडली आणि टेबलाखालून त्याच्याकडे घुसली.

मागून केटररचा माणूस आला. "कोनाचं लेकरू हाय हे? बाजूला घ्या, सांडीन अंगावर."

देवानंदने तिच्या हातावर एक जिलेबी ठेवली. "जाय, आईजवळ जाय." तिने कोट धरून ठेवला होता. त्याने तिची बोटं सोडवली आणि पुढच्या पाहुण्याकडे वळला. वर्षाली न जेवताच घरी आली.

दुसऱ्या दिवशी देवानंद मिलला निघाला तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली. "मी चालली अमरावतीले, पोरीले घेऊन."

"काहून? काय झालं?"

"तिकडं होती तं रविवारी तरी दिसत होते तुमी. इथं एका खोलीत राहून आठ दिवस पोरीनं बाप पाहिला नाई. काल पाहिला तं लोकाच्या लग्नात."

"मी काय मजा मारून राहिलो का?"

"नाई ना. म्हनूनच जाते म्हनते. तुमच्यात अजून दम असता, तं तोई ह्या खोलीच्या भाड्यानंच खाल्ला असता."

देवानंद उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "आपन दोघंई कामचुकार नाई. मंग चुकलं काय, तेवढं सांग मले."

वर्षालीने डबा त्याच्या हातात दिला.

खुशालरावांनी डिपॉझिट पूर्ण परत केलं, वर चहा पाजला. ते पैसे किराणावाल्याच्या उधारीत गेले. देवानंद पुन्हा मिलमागच्या खोलीत गेला. त्याच्या झोपायच्या जागेवर अंजनगावचा भगवंत नावाचा नवा कामगार आला होता, म्हणून दाराजवळ पथारी टाकली. अमरावतीच्या दुकानात वर्षालीची जागा भरली होती. ती आईसोबत बाजारात बसायला लागली. एका टोपलीच्या मिळकतीत आता तिघी. म्हणून देवानंदने केटरर्सचं काम सोडलं नाही, आणि रविवारही गेले.

महिन्याभराने तो एकदा आला. पौर्णिमा आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याने बोलावलं तरी आली नाही. माणिकबाई म्हणाली, "लहान हाय, होईन मोकळी." तो दुपारभर बाजारात बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिला. पोरगी दुरून त्याच्या हातांकडे पाहत होती.

गाडीची वेळ झाली तेव्हा वर्षालीने विचारलं, "पुढच्या रविवारी?"

"लग्न हाय," तो म्हणाला, आणि ऑटोकडे निघाला.