आपापला धूर

धाऊनं राबाला काडी लावली तेव्हा ओढ्यापलीकडं मालूला बघायला पाहुणे बसलेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यानं लावलीच असती. चैत्र संपत आला की रोपाच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरायच्या आणि जाळायच्या, म्हणजे भात जोमानं येतं, हे आमच्याकडं बापजाद्यांपासून चालत आलेलं.

आमचा आंबेपाडा मुरबाड तालुक्यात, पलीकडचा सागपाडा शहापुरात. धूर काही हद्द बघून थांबत नाही. सगळा मालूच्या पडवीत शिरला. टोकावड्याहून आलेली नऊ माणसं पोह्यांच्या बश्या मांडीवर घेऊन घळाघळा रडायला लागली. वाटेनं चाललेली भिमी घाईनं आत गेली, नवऱ्यामुलाच्या आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "गेल्या मानसाला कोन अडवनार गो, बाय. धीर धर."

तरी पोरगी पसंत पडली. फक्त अट पडली. ती घेऊन मालूची आई सकुबाई दुसऱ्या दिवशी धाऊच्या दारात.

"धाऊदादा, लगनात धूर दिसला तर वऱ्हाड मागं फिरवू म्हनतात."

"ते वाऱ्याला सांग. मी काय फुंकर मारायला जात नाय."

"राब तुझा, आन सांगू वाऱ्याला?"

शेवटी दोन्ही पाडे ओढ्यावर बसले. ओढा कोरडा ठाक होता, तरी जो तो आपल्याच काठावर. अनंता मुरबाडला कारखान्यात जायचा, त्यामुळं नियम त्यानं केला: वारा पलीकडं जात असला तर पेटवायचं नाही, आपल्या गावाकडं वळला की मगच. वारा कळावा म्हणून सकुबाईनं जुनं लुगडं बांबूला बांधून उभं केलं.

धाऊ तीन दिवस लुगड्याकडं बघत बसला. चौथ्या दिवशी सकाळी ते आंबेपाड्याकडं फडफडलं. त्यानं काडी लावली. जरा वेळानं त्याची बायको जना खोकत बाहेर आली, पुढं कोंबड्या.

"कुनी पेटवलं?"

"मी. नियमानं."

"मंग नियमालाच भाकऱ्या थापायला सांग." असं म्हणून जना कोंबड्या घेऊन सकुबाईकडं गेली. तिच्यामागं आमच्या पाड्यातल्या झाडून सगळ्या बाया. दुसऱ्या दिवशी सागपाड्यानं राब लावला, तेव्हा त्यांच्याही बाया आमच्याकडं आल्या. चार दिवस कोंबड्यांना आपलं घर कुठलं ते कळेना. त्या येण्याजाण्यातच लग्नाचे पापड लाटून झाले, आणि मालूचं लग्न लख्ख हवेत लागलं.

ही गोष्ट बाजारात पसरली. पुढच्या साली शेणव्याकडची माणसं आली, "आमालाबी घ्या" म्हणाली. बघता बघता अकरा गावं झाली. आता नियम असा, की धूर कुणाच्याच गावात जाता कामा नये, आपल्याही नाही. हे शेवटचं बायांनी घातलं.

धाऊ काडेपेटी घेऊन बांधावर बसला.

"अनंता, आता वारा खाली चाललाय."

"खालीबी एक गाव हाय."

"आता वर."

"वर तीन गावं हायेत."

"मंग लावू कदी?"

अनंतानं बराच विचार केला. "वारा पडंल तवा. पन अकराही गावांत एकाच टाइमाला पडाय पाहिजे."

वारा पडला नाही. सकुबाईनं गेल्या साली एक तुकडा न जाळता, नुसतं उकिरड्याचं खत घालून पेरला होता, आणि रोप आलं होतं. जनानं ते जाऊन बघितलं होतं. तिनं धाऊला खताचा खड्डा खणायला लावलं.

त्या वैशाखात समोरचा डोंगर कातळाच्या रेघांसकट दिसायला लागला. धाऊ खड्ड्यात उभा राहून कितीतरी वेळ बघत राहिला.

"येवढा मोठा हाय व्हय हा?"

"पैल्यापासून," जना म्हणाली. "तुझा खड्डा मात्र अजून गुडघ्यायेवढाच हाय. खन."