खिडकीकडचं पहिलं घर

चिमटेकाकांचं खरं नाव प्रयोगशाळेत फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं हातात चिमटा आणि चिमट्यात अर्धा मिलिग्रॅम पूड, असा हा माणूस. शिवाय बोलतानाही समोरच्याला एखादा चिमटा काढल्याशिवाय वाक्य संपवायचं नाही, ही खोड. नाव आपोआप पडलं आणि चिकटलं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला महाकठीण. ध्रुवाकडच्या समुद्राच्या तळाशी राहणारे बिनकण्याचे जीव, म्हणजे तारामासे, शिंपले, समुद्रकाकड्या, नाना तऱ्हेचे किडे, गोठवून जहाजातून यायचे. ते वाळवायचे, कुटून पूड करायची आणि मसुरीच्या दाण्याएवढ्या कथलाच्या वाटीत त्यातली नावापुरती पूड मोजून भरायची. मग चिमट्याने वाटीचं तोंड दुमडून गोळी करायची. अशा शहाण्णव गोळ्या ट्रेच्या शहाण्णव घरांत बसल्या की ट्रे पलीकडच्या खोलीत, यंत्राकडे जायचा. यंत्र एकेक गोळी जाळून सांगायचं की हिच्यात हलक्या नायट्रोजनच्या मानाने भारी नायट्रोजन किती. खाल्लेल्यापेक्षा खाणाऱ्याच्या अंगात हा भारी नायट्रोजन थोडा जास्त साठतो. म्हणून आकडा जितका मोठा, तितका तो प्राणी खाण्याच्या शिडीवर वरच्या पायरीला. बर्फाखालच्या काळोख्या पाण्यात कोण कोणाला खातं हे बघायला कोणी जात नाही, पण अंगात सगळं नोंदलेलं असतं.

आणि त्या शुक्रवारी सकाळी अंगच खोटं बोलायला लागलं होतं.

"काका, माझा शिंपला शिकारी झालाय," दारात उभी राहून दर्यावर्दी म्हणाली.

दर्यावर्दी म्हणजे पीएचडी करणारी पोरगी. सत्तर दिवस जहाजावर राहून हे सगळे जीव तिनेच आणले होते. त्यासाठी सख्ख्या भावाचं लग्न सोडून गेली होती आणि भाऊ अजून फोनवर तुटक बोलत होता. एरवी काकांच्या चिमट्याला तोडीस तोड उत्तर देणारी ही मुलगी आज नुसती हातातला कागद घेऊन उभी होती.

"शिकारी? मग तारामासा काय करतोय, उपास?"

"तो चिखल खातोय. शिंपल्याच्याही खालच्या पायरीवर बसलाय. तीस प्राण्यांमध्ये एकाचाही आकडा धड नाही."

काकांनी कागद घेतला. चेहरा त्यांनी वजनकाट्यासारखा स्थिर ठेवला.

"यंत्र बिघडलं असेल. त्या यंत्रवाल्याला आधी विचार."

"काल संध्याकाळीच विचारलं. यंत्र ठणठणीत आहे. पहिल्या दोन, मधल्या दोन आणि शेवटच्या दोन घरांत तुम्ही आकडा आधीच ठाऊक असलेली मापाची पूड घालता ना, तिचे आकडे अगदी बरोबर आलेत. प्रत्येक प्राण्याच्या तीन-तीन गोळ्यासुद्धा एकमेकींशी जुळतात. काका, चूक माझीच आहे. पहिला आठवडा मी बादलीला मिठी मारून काढला. पोटात पाणी ठरत नव्हतं. पिशव्यांवर लेबलं मी तेव्हाच लावली. चुकीच्या पिशव्यांना चुकीची लावली असणार."

"असणार म्हणजे? आठवतं का काही?"

"तेच तर. काही आठवत नाही. आपल्या प्रमुख मॅडम तीन वाजता सल्लागार समितीला कळवणार आहेत की या सफरीचे नमुने बाद धरा. पुढची सफर कधी, कोणाला माहीत नाही. बहुतेक मला गाशा गुंडाळावा लागेल."

ती गेली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

आता इथे काकांच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ऑफिसात मात्र 'पाहुण्यांकडे लग्न आहे' अशी थाप मारून त्यांनी रजा घेतली होती. बायकोने शंभरदा बजावलं, "अहो, सांगून टाका. डोळ्यांचंच ऑपरेशन झालंय, दरोडा नाही घातलात." पण काकांची छाती होत नव्हती. डोळ्यांचं नाव काढलं की लोक आपल्याला वजनकाट्यावरून उठवतील आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं बाटल्या विसळत बसावं लागेल, या विचाराने त्यांचं धाबं दणाणायचं. हा ट्रे ऑपरेशननंतरचा पहिलाच मोठा ट्रे होता. आणि तो भरताना आपला हात उगाचच अवघडतोय, असं त्यांना दिवसभर वाटलं होतं. तेव्हा त्यांनी डोळ्यांना दोष दिला आणि गप्प राहिले.

म्हणजे चूक त्यांचीही असू शकत होती. एका वाटीतली पूड दुसरीत गेली असेल, वहीतली ओळ सुटली असेल. आणि त्यांच्यावर कोणाचाही संशय नव्हता. अठ्ठावीस वर्षांची पुण्याई असली की असं होतं. तोंड मिटून डबा खाल्ला असता, तर तीन वाजता सगळं खापर त्या पोरीच्या डोक्यावर फुटलं असतं आणि काका सुखाने काट्यावर बसून राहिले असते.

हा विचार त्यांच्या मनात आला. आला नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. साधारण दहा मिनिटं तो तिथे ठाण मांडून बसला होता. त्या दहा मिनिटांत काकांना स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग ते उठले, वजनांची वही काढली आणि यंत्राच्या खोलीत गेले.

"मला आकड्यांचा पूर्ण कागद दे. सगळे रकाने असलेला," त्यांनी यंत्रवाल्याला सांगितलं.

यंत्रवाला गोड स्वभावाचा, पण कामापुरतं बघणारा. "काका, त्यात बघण्यासारखं काही नाही. एक रकाना असतो, गोळीत एकूण नायट्रोजन किती निघाला त्याचा. हल्ली तो कोणी बघत नाही."

"मी हल्लीचा नाही. दे."

एकूण नायट्रोजन म्हणजे साधी गोष्ट. जास्त पूड, जास्त नायट्रोजन. कमी पूड, कमी. काकांनी सगळ्या गोळ्या साधारण सारख्याच वजनाच्या केल्या होत्या, सहा दशांश मिलिग्रॅमच्या आसपास. एकच प्राणी वेगळा होता. तो समुद्रकोळी होता, नखाएवढा, पाय काड्यांसारखे. अख्ख्या सफरीत दर्यावर्दीला एकच मिळालेला. 'काका, शिंकू नका हां,' असं म्हणून ती शेजारी श्वास रोखून उभी राहिली होती. एवढ्याशा पुडीच्या तीन गोळ्या करताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. वहीत एकवीस, बावीस, तेवीस या घरांसमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: शून्य पूर्णांक एकवीस, वीस, बावीस.

त्यांनी कागदावर एकविसावी ओळ पाहिली. भरपूर नायट्रोजन. बावीस, तेवीस, तिथेही भरपूर.

संपलं, त्यांना वाटलं. समुद्रकोळी सांडला, त्याच्या वाटीत दुसराच कोणी भरला आणि आपल्याला कळलंही नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बोट धरून खाली खाली येत राहिले. शहात्तराव्या ओळीच्या आसपास बोट थांबलं. चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर. तीन ओळींत अगदी जेमतेम नायट्रोजन. बाकीच्यांच्या एक तृतीयांश.

कोळी सांडला नव्हता. तो भलत्याच घरात राहायला गेला होता.

"शहात्तर," काका पुटपुटले. "शेवटून मोज रे. शहाण्णवपासून उलटं. शहात्तर म्हणजे शेवटून कितवं?"

यंत्रवाल्याने बोटांवर मोजलं. "एकविसावं. का?"

काका ताडताड आपल्या खोलीत आले आणि टेबलासमोर उभे राहिले.

गेल्या महिन्यात एसीची माणसं आली होती. नव्या एसीचा झोत थेट काट्यावर पडायला लागला आणि काट्याचे आकडे नाचायला लागले, म्हणून त्यांनी टेबल खुर्चीसकट उलटं फिरवून ठेवलं होतं. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं खिडकी काकांच्या समोर, डावीकडे होती. ट्रेवरची अक्षरं केव्हाच पुसून गेलेली. नवा ट्रे देऊ केला की काका म्हणायचे, "माझं याच्याशी जमतं." खिडकीकडचा कोपरा म्हणजे पहिलं घर, तिथून सुरुवात करायची आणि खिडकीपासून लांब लांब जायचं, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. आता खिडकी होती त्यांच्या पाठीमागे, उजवीकडे. हाताने आपलं काम इमानेइतबारे केलं होतं. खिडकीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली होती. फक्त ट्रे टेबलाबरोबर फिरला होता आणि तो कोपरा आता शहाण्णवाव्या घराचा होता.

प्रत्येक ट्रेचा पहिल्या घराकडचा कोपरा तासलेला असतो. यंत्रवाला तो बघून सुरुवात करतो. काकांनी तो गेल्या कित्येक वर्षांत बघितलाच नव्हता. खिडकी असताना कोपरा कोण बघतो? आणि मापाच्या पुडीची घरं दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी सारखी मांडलेली, त्यामुळे ट्रे उलटा गेला तरी ती जिथल्या तिथे. तीन-तीन गोळ्यांची कुटुंबंही फुटली नव्हती, नुसती या टोकाची त्या टोकाला गेली होती. आपल्याच टापटिपीने आपल्याला शेंडी लावली, हे लक्षात येऊन काकांना हसू फुटलं. खोलीत कोणी नव्हतं ते बरं झालं.

एक वाजून गेला होता. ते तसेच मॅडमच्या खोलीत शिरले. दर्यावर्दी तिथेच खुर्चीच्या टोकावर बसली होती, आणि मॅडम समितीला पाठवायचं पत्र लिहीत होत्या.

"मॅडम, लिहू नका," काका म्हणाले. "लेबलं बरोबर आहेत. मी ट्रे उलटा भरलाय."

मग त्यांनी टेबलापासून कोळ्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगता सांगता गाडी अशी उताराला लागली की मोतीबिंदूचं ऑपरेशनही सांगून झालं, आणि पाहुण्यांचं लग्नही. काहीच शिल्लक राहिलं नाही. "तर आता तुम्ही ठरवा. काट्यावर कोणाला बसवायचं ते," असं म्हणून त्यांनी वजनांची वही मॅडमसमोर ठेवली.

मॅडमनी संगणकावर आकड्यांचा रकाना उलटा केला, वरचा खाली आणि खालचा वर. तिघंही पडद्याकडे बघत राहिली. शिंपला गुमान खाली उतरला आणि पाणी गाळून खाणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला. समुद्रकाकडी चिखलात गेली. तारामासा वर चढत चढत थेट शेवटच्या पायरीवर.

"आणि माझा कोळी?" दर्यावर्दीने विचारलं.

"हा बघ. तारामाशाच्या खालोखाल. पक्का शिकारी," मॅडम म्हणाल्या.

दर्यावर्दीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. "मी रात्रभर झोपले नाही हो काका," ती म्हणाली. "जहाजावरची प्रत्येक पिशवी डोळ्यांसमोर येत होती."

"बादलीसकट?"

"बादलीसकट!"

काकांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. मॅडम अजून पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी काकांच्या वहीतली वजनं एकेक करून टाकली आणि नायट्रोजनचा तो हल्ली कोणी बघत नसलेला रकाना त्यांच्याशी ताडून पाहिला. बराच वेळ लागला. काका हाताची घडी घालून उभे होते, शाळेत असल्यासारखे.

"काका, वजनात जरा जरी चूक असती ना, तर एकाच प्राण्याच्या तीन गोळ्यांची टक्केवारी वेगवेगळी आली असती," शेवटी मॅडम म्हणाल्या. "तिसांपैकी तिसांची जुळलीय. एवढ्याशा त्या कोळ्याचीसुद्धा. गेल्या वर्षीच्या ट्रेपेक्षा चांगली. तुमचे डोळे नवे झालेत, त्यांना जुनं टेबल हवंय, एवढंच." मग त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काट्यावर तुम्हीच. पण पुढच्या वेळी पाहुण्यांचं लग्न असलं की पत्रिका दाखवायची."

काकांनी वही उचलून काखेत मारली. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. एवढी मोठी चूक आपल्याच हातून झाली, याचा कोणाला इतका आनंद झाला असेल की नाही, देव जाणे.

दोघं परत काकांच्या खोलीत आली. दर्यावर्दी पर्समधून लाल नेलपॉलिशची बाटली काढून म्हणाली, "आता या तासलेल्या कोपऱ्यावर एक ठसठशीत ठिपका. खिडकी कुठे का जाईना. तुम्हीच लावा काका, मान तुमचा."

काकांनी ब्रश हातात घेतला. अठ्ठावीस वर्षांत ज्या हातातून पुडीचा कण सांडला नव्हता, तो हात आपला थेट खिडकीकडच्या कोपऱ्याकडे निघाला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो वाटेतच थांबवला.

"तूच लाव बाई," ते ब्रश परत देत म्हणाले. "आणि मग भावाला फोन कर. माझ्याच्याने आज काही व्हायचं नाही."