यूआनचे नऊ, स्नेहलचे चार

सुश्रुत परांजपे माणसांना गुण द्यायचा. तोंडावर नाही, तेवढा धीट तो नव्हता; मनातल्या मनात, दहापैकी. मेव्हण्याला वक्तशीरपणात तीन. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना भाषण आवरतं घेण्यात दीड, तेही त्या दिवशी हॉलचा हीटर बंद होता म्हणून. बायकोला, ऋजुताला, एकदा लाडात येऊन त्यानं साडेआठ सांगितले, तर उरलेले दीड कशात कापले ते तिनं आठवडाभर विचारलं होतं. तेव्हापासून घरातला निकाल जाहीर होणं बंद झालं.

सवय कामातून लागलेली. कॉव्हेंट्रीतल्या एका कंपनीत तो गाड्यांचं हँडलिंग तपासायचा, म्हणजे गाडी चालवणाऱ्याचं ऐकते की आपलंच खरं करते, ते. त्या हिवाळ्यात तपासायला आली होती डोंगरातली स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मध्ये स्वार, तोही बसलेला कमी आणि उभा जास्त, कारण हे यंत्र हँडलपेक्षा अंग झुकवण्यानं वळतं. गोम इथेच होती. अशा यंत्राला मिळालेल्या गुणांतले यंत्राचे किती आणि स्वाराचे किती, हे सुटं करायचं कसं? मुरलेला स्वार मोडकी बाजसुद्धा बर्फावरून सुखरूप उतरवेल आणि वर तिला आठ गुण देईल.

यावर सुश्रुतनं स्वतः एक पद्धत बसवली होती. स्वारांचे अनुभवानुसार तीन गट. पहिल्या गटाच्या गुणांना तिप्पट वजन, दुसऱ्याला दुप्पट, नवख्यांना एकपट. नवख्यांनी लिहिलेले शेरे अहवालाच्या शेवटी पुरवणीत, म्हणजे जिथवर वाचत कुणी पोहोचत नाही तिथे. पद्धत साहेबांना आवडली होती. सुश्रुतला तर फारच.

पहिल्या गटात होता यूआन, पन्नाशीचा स्कॉटिश गडी, अठरा हिवाळे याच यंत्रांवर काढलेला. नवख्यांत होती स्नेहल गजभिये, नागपूरची, कंपनीत येऊन सात महिने झालेली, स्नोमोबाइलवर एकूण चार दिवस. सुश्रुतला ती दादा म्हणायची. भारतातून आलेल्यांत ऑफिसात ते दोघंच, आणि तिला इथलं बँक अकाउंटपासून बुटांपर्यंत सगळं त्यानंच दाखवलेलं. मदत करण्यात त्यानं स्वतःला नऊ दिले होते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी हे तिघं स्कॉटलंडात, केर्नगॉर्मच्या डोंगरात होते. जागा एका खाजगी इस्टेटीची. तिथल्या माणसानं बजावून सांगितलं होतं की ढग उतरताहेत, दोनला काम बंद. सकाळी यूआन कुरकुरला, की यंत्र झुकवायला जड जातंय. सुश्रुतनं दोन्ही स्कींच्या मुळाशी असलेल्या धातूच्या चकत्या इकडच्या तिकडे केल्या आणि स्की वीस-वीस मिलिमीटर आत घेतल्या. यंत्र पुढून अरुंद झालं, म्हणजे झुकायला हलकं. यूआन वरच्या भुसभुशीत बर्फात जाऊन आला, लाल नाकानं हसला आणि कागदावर नऊ लिहून मोकळा झाला.

पुढची पाळी स्नेहलची, खालच्या घट्ट दाबलेल्या वाटेवर. आराखड्यात लिहिलं होतं, तिच्यासाठी स्की पुन्हा मूळ रुंदीवर आणणे. पण बोल्ट गारठलेले, बोटं गारठलेली, काम पंचवीस मिनिटांचं आणि घड्याळात सव्वा वाजून गेलेला. सुश्रुतच्या मनात आलं, ही जाणार ताशी पंधरा मैलांनी. हिला काय कळणार आहे? त्यानं पाना पेटीत टाकला. स्वाराला यंत्राची जुळणी सांगायची नाही, हा चाचणीचा नियमच होता, नाहीतर स्वाराला तेच जाणवायला लागतं. त्यामुळे गप्प बसायला त्याला खोटंही बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या फेरीनंतर स्नेहल त्याच्यापाशी थांबली. हेल्मेटची काच वर केली.

"दादा, हे काल असं नव्हतं ना. उजवीकडे वळलं की आतली स्की हवेतच जाते."

"नवीन आहेस म्हणून. खांदा आत टाक. भिऊन बाहेर कललीस की तसं होणारच."

"मी कलली नाही जी."

"तुला कळत नाही ते. टाक खांदा."

तिसऱ्या फेरीत उजव्या वळणावर तिनं खांदा टाकला, आतली स्की उचलली गेली, आणि यंत्र तिच्यासकट डावीकडे उलटलं. कॉलरबोन मोडलं.

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये हीटर लावून सुश्रुतनं अपघाताचा फॉर्म भरला. कारण: स्वाराला अनुभव कमी. आता याला खोटं कोण म्हणेल? चारच दिवसांचा अनुभव होता. पुढच्या रकान्यात स्कींची रुंदी विचारली होती. तिथे त्यानं थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं: मूळ. मग इस्टेटीवर परत जाऊन, यूआन सामान भरत असताना, त्यानं चकत्या जागच्या जागी बसवल्या. पंचवीस नव्हे, अठरा मिनिटं लागली. ती त्यानं घड्याळ लावून मोजली होती, आणि का मोजली म्हणून मग सगळ्या वाटेभर स्वतःला शिव्या घातल्या.

पुढच्या आठवड्यात स्नेहलची मेल आली, साहेबांपासून यूआनपर्यंत सगळ्यांना. इंग्रजी जपून लिहिलेलं. माझ्यामुळे यंत्राचं नुकसान झालं, चाचणीचा दिवस वाया गेला, माफ करा. आदल्याच फेरीत मला सावध केलं होतं, मीच नीट ऐकलं नाही. यंत्राची जाण माझ्यात नाही हे मला कळलंय, तरी फेब्रुवारीतल्या स्वीडनच्या चाचणीतून माझं नाव काढावं. मी कॉम्प्युटरवरचंच काम करीन.

गॅरेथनं, म्हणजे साहेबांनी, तिला धीराचे चार शब्द लिहिले आणि सुश्रुतला वेगळी ओळ पाठवली: पोरीला छान सांभाळून घेतोयस, शाबास. ती ओळ सुश्रुतनं वाचली आणि लॅपटॉप मिटला. जेवताना त्याला वरणात मीठ आहे की नाही ते सांगता येईना.

अहवाल शुक्रवारी सकाळी मीटिंगमध्ये मंजूर होऊन यंत्र बनवणाऱ्यांकडे जायचा होता. गुरुवारी संध्याकाळी त्यानं ऋजुताला विचारलं, "स्नेहलला डबा द्यायचा का आज?"

"नऊ दिवसांतला तिसरा डबा," ऋजुता म्हणाली. "काय केलंयस?"

"काय करणार? हात गळ्यात आहे बिचारीचा. एकटी राहते."

"माझ्या भावाचा पाय मोडला तेव्हा तू त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फूल पाठवलं होतंस."

तिनं गॅस बारीक केला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"हे बघ, मला सांगणार असशील तर नको सांगूस. मला सांगितलंस की तुला बरं वाटेल, मग तू गाढ झोपशील आणि ती तशीच राहील. पिठलं भरते. जा."

स्नेहल एका टेरेस्ड, म्हणजे रांगेत शेजारच्याला चिकटलेल्या, घरातल्या वरच्या खोलीत राहायची. एका हातानं दार उघडून ती म्हणाली, "पुन्हा आणलं? वहिनींना सांगा, खांदा जुळेस्तोवर माझं वजन दुप्पट होणार."

खोलीत पलंगासमोर लॅपटॉपवर एक व्हिडिओ थांबवलेला होता. कुणी कॅनडाचा बुवा स्नोमोबाइल वळवताना खांदा कसा टाकायचा ते शिकवत होता.

"हे कशाला बघतेस?"

"कुठं चुकली ते शोधत होती." ती ओशाळून हसली. "जाणार तर नाही आता. पण समजलं पाहिजे ना."

सुश्रुतनं येताना बसमध्ये तीन वाक्यं जुळवली होती. पहिल्यात ढग होते, दुसऱ्यात गारठलेले बोल्ट. आता त्या बुवाच्या खांद्याकडे पाहताना त्याला तिसरं तेवढं सांगता आलं.

"तुझं काही चुकलं नाही. स्की आत घेतलेल्या होत्या. यूआनसाठी. मी परत बाहेर केल्या नाहीत."

"किती आत?"

"वीस-वीस."

ती पलंगाच्या कडेला बसली. आता ओरडेल, रडेल, म्हणून सुश्रुत खाली मान घालून उभा. पण तिच्या तोंडावर एकदम उजेड पडल्यासारखं झालं.

"म्हणजे मला बरोबर समजलं होतं?"

याची त्यानं तयारी केली नव्हती. शिवी चालली असती. तिला आनंद झाला होता, खराखुरा, आणि नऊ दिवस तो त्यानं खिशात घालून ठेवला होता.

"बरोबरच. शंभर टक्के."

"मी कागदावर लिहिलं होतं, पहिल्या फेरीनंतरच. चार गुण दिले, आणि पुढून अरुंद झाल्यासारखं वाटते म्हणून लिहिलं. वाचलं तुम्ही?"

"वाचलं."

"मग?"

"पुरवणीत टाकलं."

आता उजेड गेला. ती मोजूनमापून बोलू लागली, जणू एकेक शब्द तपासून ठेवत होती.

"तुम्हाला माहीत होतं. मी थांबून विचारलं, तेव्हा पण माहीत होतं. तरी म्हणाले, तुला कळत नाही. मी आईला फोनवर सांगितलं, की दादा म्हणत होते, मीच आगाऊपणा केला. आई म्हणे, मोठ्यांचं ऐकत जा."

"मी उद्या रिपोर्टमध्ये दुरुस्त करतो, स्नेहल. रुंदीचा रकाना, कारण, सगळं. फॉर्म पण."

"रकाना चुपचाप दुरुस्त होते. कुणाला दिसत पण नाही." तिनं डबा उचलून त्याच्या हातात दिला, न उघडलेला. "माझी माफी तर सगळ्यांना गेली ना जी."

शुक्रवारी नऊ वाजता गॅरेथनं मीटिंग सुरू केली. भिंतीवरच्या पडद्यावर दोन चौकोन: यूआन त्याच्या स्वयंपाकघरातून, स्नेहल तिच्या खोलीतून. अहवालाचं पहिलंच पान उघडलं. सरासरी आठ पूर्णांक दोन, शिफारस: कारखान्यातूनच स्की अरुंद ठेवाव्यात.

"थांबा," सुश्रुत म्हणाला, आणि त्यानं सांगितलं. ढग आणि बोल्ट गाळून. स्नेहलनं थांबून काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही शब्दाला शब्द. फॉर्मवर काय लिहिलं आणि मागाहून जाऊन चकत्या कशा बदलल्या, ते सांगताना त्याचा आवाज एकदा फाटला. कुणी पाणी पुढे केलं नाही.

आधी यूआन बोलला. "आतली स्की माझ्या वेळीही उचलत होती. मी गुडघ्यानं दाबून खाली आणली, दर वेळी. लिहिण्यासारखं काही वाटलं नाही, सवय आहे." त्यानं दाढी खाजवली. "माझ्या नवातले तीन त्या गुडघ्याचे धरा. ज्याला तो गुडघा नाही, त्याला ही पोरगी म्हणते तेच खरं. घट्ट वाटेवर ही रुंदी धोक्याची आहे."

गॅरेथनं चष्मा काढला. "सुश्रुत, हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"ती बसायच्या आधीपासून."

"आणि मी तुला ती ओळ लिहिली, तेव्हा?"

"तेव्हाही."

गॅरेथ रागावला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं नुसतं फोल्डर आपल्याकडे ओढलं. "तुझ्याविषयी नंतर बोलू, आणि तेव्हा मी एकटा नसेन. आत्ता जरा बाहेर थांब."

सुश्रुत बाहेर आला. दाराला काच होती, आवाज येत नव्हता. पडद्यावर स्नेहल बरा असलेला हात तिरका धरून काहीतरी दाखवत होती, वळण, मग कल, मग पुन्हा वळण. यूआन पुढे झुकून बघत होता आणि मधूनच मान हलवत होता. गॅरेथनं अहवालाचं पहिलं पान उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर, ती सांगेल तसं, तो लिहून घेऊ लागला. एकदा त्यानं हात वर करून तिला थांबवलं, बहुधा हळू सांग म्हणाला असावा, आणि ती पहिल्यापासून सांगू लागली.